परिचारिकांची परीक्षा

वैद्यकीय प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पेढ्यांचे पुडे येतात, गुणवंतांची छायाचित्रे येतात आणि पाठोपाठ शिकवणी-वर्गांच्या पानपानभर जाहिरातीही येतात. परिचर्येच्या परीक्षांचे निकाल लागतात तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही. त्या निकालात जी मुलगी उत्तीर्ण होते ती मुकाट्याने पुढल्या वर्गात जाते. जी अनुत्तीर्ण होते ती मुकाट्याने बॅग भरून गावी जाते. या दुसऱ्या मुलीविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. ज्या पहिल्या पानावर मंत्रिमंडळाचे विस्तार आणि बाजारातील तेजीमंदी यांचा मान, तेथे एका नापास विद्यार्थिनीचे गाऱ्हाणे कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा रुग्णालयाच्या खाटेवर पडावयाचे आहे, आणि रात्री दोनच्या सुमारास, मोठे डॉक्टर घरी निजलेले असताना, त्यांची सलाईन, त्यांचा श्वास आणि त्यांची नाडी ज्या हातांत असेल ते हात याच मुलीचे असणार आहेत. तिने अभ्यास कसा केला हा प्रश्न त्या रात्रीपुरता तरी तिचा खाजगी प्रश्न राहत नाही.

ही मुलगी बहुधा तालुक्याच्या गावाहून आलेली असते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून, बारावीला बरे गुण, घरी दोन भावंडे शिकणारी, आणि 'सिस्टर झालीस तर पोटाची ददात नाही' हा आईचा हिशेब. (परिचर्या शिकणारे मुलगेही आता पुष्कळ आहेत, आम्ही येथे मुलीविषयी लिहिले तरी गोष्ट त्यांचीही तीच आहे.) तीन वर्षांच्या जीएनएम अभ्यासक्रमाला किंवा चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगला ती प्रवेश घेते. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, मानसशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय एकदम अंगावर येतात, तेही इंग्रजीत. ती घाबरते, रात्र रात्र जागते, वह्यांमागून वह्या भरते आणि पहिल्याच परीक्षेत एका किंवा दोन विषयांत अडकते. शाळेत जिला कोणी कधी मठ्ठ म्हटले नव्हते ती स्वतःलाच मठ्ठ म्हणू लागते.

अशा मुलीविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, हे शिक्षण तिला झेपणारे नाही, तिने वेळीच दुसरी वाट धरावी. दुसरे मत सहानुभूतीचे वेष घेऊन येते: परिचारिकांचा तुटवडा आहे, तेव्हा प्रश्नपत्रिका थोडी सोपी करावी, गुणांची अट थोडी सैल करावी. ही दोन्ही मते आम्हांस सारखीच अमान्य आहेत. त्यांतले दुसरे अधिक गोड असल्यामुळे अधिक घातक आहे, म्हणून त्याचा समाचार आधी घेतो.

शालान्त परीक्षेत ३५ गुण मिळविणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो. परिचर्येच्या मुख्य विषयांत मात्र लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोहोंत निरनिराळे ५० टक्के गुण मिळवावे लागतात. एकातील श्रीमंती दुसऱ्यातील दारिद्र्य झाकू शकत नाही. हा नियम कठोर आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. का, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. आपल्या देशात इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असलेले आणि १०० युनिटे असलेले. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या, एकीचे टोपण लाल तर दुसरीचे नारिंगी. डॉक्टरांनी २० युनिटे लिहिली आहेत. परिचारिकेने १०० युनिटांचे इन्सुलिन ४० च्या लाल सिरिंजेत २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर सुईतून अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिटे रुग्णाच्या अंगात जातात. अडीचपट! रुग्णाची रक्तशर्करा भराभर उतरते, त्याला दरदरून घाम फुटतो, आणि रात्रीची वेळ असेल तर तो निजला आहे असेच शेजारच्यांना वाटते. जिला हा हिशेब उमगलेला नाही तिला 'तुटवडा आहे' म्हणून उत्तीर्ण करावे काय? तो औदार्याचा प्रकार रुग्णाच्या खर्चाने होईल.

तेव्हा उंबरठा खाली आणावयाचा नाही. प्रश्न उरतो तो असा की, जी मुलगी बुद्धीने कमी नाही आणि श्रमाने तर मुळीच कमी नाही, ती उंबरठ्याशी अडखळते का? आमचे मत असे की, पुष्कळ वेळा तिच्या अभ्यासाची रीतच तिचा घात करते, आणि ही रीत तिला आम्ही सर्वांनी मिळून शिकविलेली असते.

तिची रात्र डोळ्यांपुढे आणावी. सकाळी वॉर्डात ड्यूटी, दुपारी तास, संध्याकाळी केअर प्लॅनच्या आणि जर्नलच्या फायली. जेवण उरकून ती पुस्तक उघडते, रंगीत पेनाने ओळींमागून ओळी रंगविते, तोच धडा दुसऱ्यांदा वाचते, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि तिला समाधान वाटते की आले! येथेच फसगत आहे. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रस्त्यात भेटलेला मनुष्य ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, हा अनुभव कोणास नाही? परीक्षेत पुस्तक समोर नसते. तेथे नावच आठवावे लागते.

मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून दाखविले आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून सिद्ध केले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक परिचर्या-महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चारदा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि मग पुस्तक मिटून तीन वेळा जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आणि मिटून आठवणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के! गंमत अशी की, आठवड्यानंतर आपणांस अधिक आठवेल असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. पुढे २०१३ साली डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची परीक्षा स्वतः घेणे आणि अंतराअंतराने उजळणी करणे या दोन रीती सर्वांत उपयुक्त ठरल्या; ओळी रंगविणे आणि तेच ते वाचणे यांची उपयुक्तता अल्प ठरली. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीची सारी रात्र नेमकी तळाच्या दोन रीतींवर खर्च झाली.

यात पाश्चात्त्यांनी फार नवे शोधले असे समजण्याचे मात्र कारण नाही. पाठांतराला आज घोकंपट्टी म्हणून हिणविण्याची चाल पडली आहे. परंतु जुना पंतोजी मुलाला पावकी-निमकी वाचावयास सांगत नसे, पाटी पालथी ठेवून म्हणावयास सांगत असे. आज म्हटले, उद्या म्हटले, आठवड्याने पुन्हा म्हटले. वेदपाठशाळेतही गुरूसमोर पोथीविना म्हणून दाखविणे हीच कसोटी होती. बिघडले ते पुढे, गाईड नावाचा ग्रंथ आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' नावाची चिठ्ठी विद्यार्थ्याच्या हाती आली तेव्हा. छडीचे आम्ही समर्थन करीत नाही. पण पाटी पालथी ठेवण्याची रीत परत यावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

ती कशी यावी? धडा एकदा लक्षपूर्वक वाचावा, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे, आकृतीसुद्धा. मग पुस्तक उघडून जे सुटले तेवढेच लाल शाईने भरावे. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर उतरवावा. दर खेपेस लाल शाई कमी होत जाते आणि ती कमी होताना दिसणे यासारखा धीर देणारा दुसरा उपाय नाही. वसतिगृहात दोघीतिघींनी मिळून जेवणानंतर वीस मिनिटे एकमेकींना तोंडी प्रश्न विचारावेत. पुठ्ठ्याच्या लहान चिठ्ठ्या कराव्यात: एका बाजूस औषधाचे नाव, दुसऱ्या बाजूस त्याचे कार्य, धोका आणि देण्यापूर्वी पाहावयाची गोष्ट. वॉर्डाकडे जाणाऱ्या बसमध्येही त्या चाळता येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र निजावे. अपुऱ्या झोपेने नवे काही शिरत नाही आणि शिरलेले वेळेवर बाहेर येत नाही.

आठविण्याइतकेच महत्त्व 'का' विचारण्याला आहे. डिगॉक्सिन देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि प्रौढ रुग्णात ते ६० च्या खाली असल्यास औषध रोखून डॉक्टरांना कळवावे, हे वाक्य पाठ करणारी मुलगी परीक्षेच्या धांदलीत ६० चे ९० करू शकते. परंतु हे औषध हृदयाचा वेगच मंद करते, म्हणून आधीच मंदावलेल्या हृदयाला ते देणे धोक्याचे, एवढे जिला कळले तिचा आकडा सहसा चुकत नाही. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून एकदम का ढकलावयाचे नाही? कारण रक्तातील पोटॅशियम अकस्मात चढले तर हृदय थांबते. कारण माहीत असलेली सूचना वेगळी पाठ करावी लागत नाही. आणि या कारणांचे सर्वांत मोठे पुस्तक विद्यार्थिनीच्या समोर रोज उघडे असते, ते म्हणजे वॉर्ड. आज तिने ज्या दमेकऱ्याला उशा लावून बसते केले तोच आज रात्रीचा श्वसनसंस्थेचा धडा. सकाळचा रुग्ण आणि रात्रीचे पान यांची सांगड घालणारी मुलगी एका श्रमात दोन कामे करते. दुर्दैवाने पुष्कळ मुलींच्या लेखी वॉर्ड ही राबण्याची जागा आणि खोली ही शिकण्याची जागा, अशी फाळणी झालेली आहे.

आता इंग्रजीचा प्रश्न. येथे आमच्या मध्यमवर्गाने थोडे अंतर्मुख व्हावे, कारण इंग्रजी न येणे म्हणजे बुद्धी नसणे हा समज आमच्याच दिवाणखान्यांत वाढला. शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला, यकृत आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि फुप्फुस शिकून आलेली मुलगी शरीरशास्त्र जाणत नाही असे नाही. तिच्या ओळखीच्या माणसांनी नावे बदललेली आहेत, इतकेच. तिने वहीच्या डाव्या बाजूस आपले शब्द आणि उजव्या बाजूस नवी नावे लिहिली तर पहिल्या महिन्यातच निम्मे भय सरेल. शिवाय वैद्यकातील लांबलचक शब्द हे इंग्रजी कमी आणि ग्रीक-लॅटिन अधिक. संस्कृतातील उपसर्ग-प्रत्ययांसारखेच त्यांचे तुकडे पडतात. 'हायपर' म्हणजे अधिक, 'हायपो' म्हणजे उणे. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद. शेवटी 'आयटिस' आले की दाह, 'एक्टमी' आले की काढून टाकणे. असे पन्नाससाठ तुकडे अवगत झाले की शेकडो शब्द आपोआप उलगडतात. हायपर आणि हायपो यांचा उच्चार कानाला जवळजवळ सारखा लागतो, पण रक्तदाबाच्या बाबतीत एकाच्या जागी दुसरा ऐकणे किती महाग पडते, हे सांगावयास नको. समजून घ्यावे मराठीत, मैत्रिणीला समजावून सांगावे मराठीत, आणि लिहिण्याचा सराव करावा इंग्रजीत, असा आमचा सल्ला आहे. जी शिक्षिका वर्गात मराठीतून शंका विचारणाऱ्या मुलीला हसते, ती त्या मुलीची पुढली दहा प्रश्नचिन्हे कायमची बंद करते.

परीक्षेच्या दालनातील चुका वेगळ्याच जातीच्या असतात. विषय येत असूनही गुण जातात ते तेथे. परिचर्येच्या बहुपर्यायी प्रश्नांत पुष्कळदा चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारलेले असते ते 'प्रथम काय कराल?' चार रुग्णांचे उदाहरण घेऊ. एकाला मोडलेल्या पायाची कळ असह्य झाली आहे. दुसऱ्याची इन्सुलिनची वेळ भरली आहे. तिसरा घरी जाण्याच्या कागदपत्रांसाठी आरडाओरडा करीत आहे. चौथीची सकाळी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असून ती गप्प पडली आहे, फक्त तिचा श्वास घरघरीत, शिट्टीसारखा येतो आहे. प्रथम कोणाकडे जावे? जो ओरडतो त्याच्याकडे धावण्याचा मनुष्यस्वभाव आहे. पण जावयाचे चौथीकडे, कारण जखमेखाली साचलेले रक्त किंवा आलेली सूज तिची श्वासनलिका आवळीत असेल. आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, हा क्रम जिच्या मनात ठसला आहे तिला असे प्रश्न फसवीत नाहीत. तसेच, बाळंतपणानंतर पहिल्या तासात रक्तस्राव वाढला आणि गर्भाशय हाताला मऊ लागले तर प्रथम काय? 'डॉक्टरांना कळवावे' हा पर्याय मोठा आज्ञाधारक दिसतो. परंतु मदतीसाठी हाक मारीत असतानाच हाताने गर्भाशय चोळून ते घट्ट करणे हे परिचारिकेचे पहिले काम. तातडीचा धोका समोर नसेल तेव्हा मात्र आधी तपासावे, मोजावे आणि मग कृती करावी. परिचर्या-प्रक्रियेची पहिली पायरी निरीक्षण हीच आहे. प्रश्नातील 'प्रथम', 'सर्वांत महत्त्वाचे', 'वगळता' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि पर्याय वाचण्यापूर्वी आपले उत्तर मनाशी ठरवावे. रंगीत पेनाची ओढ असलेल्या मुलींना रेघ ओढण्याची ही एक जागा आम्ही आनंदाने मोकळी ठेवतो.

'पहिले उत्तर बदलू नये' अशी एक समजूत विद्यार्थ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि शिक्षकही ती कौतुकाने सांगतात. ती खोटी आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड हजारांहून अधिक उत्तरपत्रिकांतील खाडाखोड तपासली. निम्म्याहून थोड्या अधिक वेळा चुकीचे उत्तर बदलून बरोबर झाले होते. बरोबरचे चूक झाले ते सुमारे चतुर्थांश वेळा. बदलून चुकल्याची हळहळ मनात घर करते आणि बदलून सावरल्याचे कोणी लक्षात ठेवीत नाही, म्हणून ही समजूत टिकली. कारण सुचले असेल तर उत्तर अवश्य बदलावे. केवळ घाबरून बदलू नये. पुढे नोकरीच्या परीक्षांत आणखी एक हिशेब येतो. एम्सच्या 'नॉरसेट' परीक्षेत चुकीच्या उत्तरास एकतृतीयांश गुण वजा होतो. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तर सरासरीने नफा नाही आणि तोटाही नाही. पण चारांपैकी एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला, तरी उत्तर लिहिणे फायद्याचे ठरते. हे साधे अंकगणित ठाऊक नसल्यामुळे कित्येकजणी निम्मी उत्तरे कोरी सोडून येतात.

अंकगणिताचा विषय निघाला म्हणून सलाईनच्या थेंबांचेही सांगतो, कारण या प्रश्नाला मुली विनाकारण भितात. ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यावयाचा आहे आणि नळी मिलिलिटरला २० थेंब पाडणारी आहे. पाचशेला वीसने गुणावे आणि चार तासांच्या २४० मिनिटांनी भागावे. मिनिटाला सुमारे ४२ थेंब. सूत्र विसरले तरी बिघडत नाही: तासाला १२५ मिलिलिटर, म्हणजे २५०० थेंब, त्याचे मिनिटाला ४२. उत्तर चुकून ४२० आले तर घटकाभर नळीकडे पाहावे. मिनिटात चारशे वीस थेंब कोणाला मोजता येतील? असा अदमास घेण्याची सवय परीक्षेत गुण वाचविते आणि वॉर्डात माणूस.

दीर्घोत्तरी प्रश्नांत आणखी एक घाटा होतो. 'परिचर्या-व्यवस्थापन लिहा' असा प्रश्न असता मुली रोगाची कारणे, लक्षणे, शस्त्रक्रियेचे प्रकार यांनी तीन पाने भरतात आणि परिचारिकेने काय करावयाचे ते शेवटच्या चार ओळींत उरकतात. गुण त्या चार ओळींसाठी ठेवलेले असतात. वेळेचेही तसेच. ७५ गुणांना तीन तास म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटेसुद्धा नाहीत. आवडत्या प्रश्नावर पाऊण तास रमणाऱ्या मुलीचा शेवटचा प्रश्न कोरा राहणार, हे पहिल्याच तासाला ठरून जाते. प्रात्यक्षिकाचे भय निराळे. परक्या परीक्षकासमोर हात थरथरतात. त्याला औषध एकच: खोलीतील उशीला रुग्ण कल्पून प्रत्येक कृती मोठ्याने बोलत, कारण सांगत, दहादा करून पाहणे.

येथवर आम्ही विद्यार्थिनीशी बोललो. आता संस्थांशी. अभ्यासाला वेळ नाही ही या मुलींची तक्रार खोटी नव्हे. केअर प्लॅनच्या फायली हा तर एक स्वतंत्र रोग झाला आहे. मागल्या वर्षीच्या मुलीची फाईल समोर ठेवून, रंगीत पट्ट्या आखून, ती जशीच्या तशी उतरवून काढावयाची. तपासणारी शिक्षिका अक्षर पाहते, समास पाहते आणि सही करते. शंभर पाने उतरवून काढण्यापेक्षा स्वतः पाहिलेल्या एका रुग्णाची चार पाने स्वतःच्या शब्दांत लिहिण्यात अधिक विद्या आहे, हे परिचर्येच्या शिक्षिकांना आम्ही सांगावे असे नाही. त्यांना ते ठाऊक आहे. पण तपासणीस येणाऱ्या पथकाला जाड फायली दिसाव्या लागतात! जेथे माणसे कमी तेथे विद्यार्थिनीला मोफतची कामकरीण म्हणून वॉर्डात जुंपण्याची प्रथाही अनेक ठिकाणी आहे. ८० टक्के उपस्थितीचा नियम आम्हांस मान्य आहे. त्या उपस्थितीत चादरी मोजणे आणि कागद पोचविणे किती आणि शिकणे किती, याचाही कोणी हिशेब मागावा.

बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम २०२१ च्या नव्या विनियमांनी सत्रपद्धतीवर आला. वर्षाच्या जागी सहामाही आल्यामुळे सावरावयास पूर्वीइतका अवधी राहिला नाही. अशा वेळी मुलगी मागे पडली हे निकालपत्रकावरून कळणे म्हणजे रुग्ण दगावल्यावर ताप मोजणे होय. पहिल्या तीन आठवड्यांतच एक लहानशी चाचणी घ्यावी, गुणांसाठी नव्हे, तर कोण कोठे अडते ते कळण्यासाठी. उत्तरपत्रिका कपाटात न ठेवता मुलींच्या हाती परत द्यावी आणि कोठे गुण गेले ते समोर बसवून सांगावे. अडणाऱ्या आठदहा मुलींसाठी आठवड्याचे दोन तास राखून ठेवावेत. यास अनुदान लागत नाही, शासन-निर्णय लागत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा आहे असेही नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने विधवा व गरजू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, तेव्हा त्या स्त्रिया काही इंग्रजी बोलत आल्या नव्हत्या. रमाबाई स्वतः लग्नानंतर अक्षर शिकलेल्या. घरच्यांची बोलणी सोसून शिकणे म्हणजे काय हे त्यांना अनुभवाने माहीत होते. म्हणूनच त्यांनी त्या स्त्रियांची पात्रता तपासण्याआधी त्यांना बसावयास जागा आणि शिकवावयास माणूस दिला.

राहिला प्रश्न आईबापांचा. मुलगी नापास होऊन घरी आली की पहिल्या आठवड्यात कोणी बोलत नाही, दुसऱ्या आठवड्यात मामा येतात आणि तिसऱ्या आठवड्यात स्थळाची गोष्ट निघते. 'शिकून पाहिले, जमले नाही' या एका वाक्याने तिच्या दोन वर्षांचा आणि बापाने काढलेल्या कर्जाचा निकाल लागतो. आमची त्या वडिलांस हात जोडून विनंती आहे की, अडकलेल्या विषयाची परीक्षा पुन्हा देता येते, आणि एका विषयासाठी तीन-चार महिने नीट रीतीने दिले तर ते पुरतात. तेवढे महिने मामांस चहा पाजून परत पाठवावे, मुलीला घरातील एक कोपरा आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा द्यावा आणि रात्री जेवणानंतर, आपणांस त्यातले काही कळत नसले तरी, पुस्तक आपल्या हाती घेऊन तिला म्हणावे, 'सांग पाहू.'